रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन तोडताना: टाकी रिकामी करण्यापासून शेवटच्या ट्रकपर्यंत

डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं कागदावरचं वजन ११२.८ टन. नवखा ठेकेदार हा आकडा भंगाराच्या दराने गुणतो, बोली लावतो आणि तिथेच बुडतो. हे वजन चालत्या इंजिनाचं आहे. त्यात टाकीतलं ५,००० लिटर डिझेल म्हणजे चार टनांच्या वर, १,२१० लिटर थंड करायचं पाणी आणि इंजिनातलं ९१० लिटर तेल धरलेलं असतं. रुळांवर टाकायच्या वाळूच्या पेट्याही त्यातच. सहा टनांहून जास्त वजन असं आहे की ज्याला कोणी लोखंडाचा भाव देणार नाही. उरलेल्यातही पोलाद, बीड (ओतीव लोखंड), तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि शिसं एकमेकांत अडकलेलं असतं. हे सगळं ज्वालेखाली एकत्र वितळवलं तर सगळ्याचाच भाव सर्वांत हलक्या मालाचा मिळतो. म्हणून या कामात गॅस पेटवण्याआधीचे चार-पाच दिवस सर्वांत महत्त्वाचे. पैसे त्याच दिवसांत मिळतात आणि माणसंही त्याच दिवसांमुळे वाचतात.

इथे सांगितलेली रीत गोव्यातल्या यार्डांची, आणि आल्को या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातल्या इंजिनांसाठी आहे: डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूडीएम-३ए आणि मालगाडीचं डब्ल्यूडीजी-३ए. शेवटचं १२३ टनांचं आहे, पण सोळा सिलिंडरचं इंजिन तेच. नव्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये इन्व्हर्टर आणि मोठे कपॅसिटर असतात, त्याची वीज उतरवायची पद्धत वेगळी. तो लोको (म्हणजे अख्खं रेल्वे इंजिन) या पद्धतीने उघडू नका.

बोलीआधीची पाहणी

रेल्वेचं भंगार आयआरईपीएस या रेल्वेच्याच पोर्टलवर ई-लिलावाने विकलं जातं. लॉटच्या वर्णनात ‘वगळून’ या अर्थाचा शब्द कुठे आहे तो आधी शोधा. ट्रॅक्शन मोटारी (चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी), चाकं, टर्बो, कॉम्प्रेसर, बॅटऱ्या यातलं काहीही रेल्वेने आधीच काढून ठेवलेलं असू शकतं. मोटारी सहा आहेत का, हे बोगीखाली, म्हणजे चाकं-धुरे बसवलेल्या सांगाड्याखाली, वाकून मोजा. बाहेरून दिसणाऱ्या केबलवर विसंबू नका. केबल लोंबत असते आणि मोटार गेलेली असते. रेडिएटरचा दरवाजा उघडून गाभा तांब्या-पितळेचाच आहे ना ते चाकूच्या टोकाने खरवडून बघा. डब्ल्यूडीएम-२ च्या जनरेटरची तपासणी झाकणं काढून आतली कम्युटेटरची तांब्याची कडी दिसली, तरच झाली म्हणायची. प्रत्येक गोष्टीचा तारखेसह फोटो घ्या. ताबा मिळेपर्यंत मधे काही नाहीसं झालं, तर बोलायला तेवढाच आधार असतो.

कर्नाटकातून गोव्यात उतरणाऱ्या कॅसलरॉक ते कुळे घाटात राबलेल्या लोकोची आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथला चढ १ इन ३७, वळणंही तीव्र. अशा लोकोच्या चाकांच्या फ्लँज (आतल्या कडा) झिजून पातळ झालेल्या असतात आणि डायनॅमिक ब्रेकच्या ग्रिड (ब्रेक लावताना तयार होणारी वीज उष्णतेत घालवणाऱ्या पट्ट्या) जळलेल्या सापडतात. चाकाचा नवा व्यास १,०९२ मिलिमीटर असतो. झिजलेलं चाक वजनात बरंच कमी भरतं आणि सहा धुऱ्यांचा हिशेब केला की तो फरक जाणवतो.

ताबा घेताना रेल्वेचं स्टोअर्स, अकाउंट्स आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) या तिन्ही बाजूंची माणसं हजर असतात. तो पूर्ण दिवस मोकळा ठेवा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर त्याच ट्रकचा डिलिव्हरीचा कागद, जीएसटी बिल आणि ई-वे बिल हवं. ‘एकच कागद, तीन फेऱ्या’ असली सवय रेल्वेच्या मालात अजिबात चालत नाही. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली, माल कुठून आला हे सिद्ध करण्याची वेळ ज्याच्याकडे तो सापडतो त्याच्यावर येते. मग तो ड्रायव्हर असो की वाटेतला भंगारवाला.

जागा, तार आणि जमीन

लोको सहसा उभा असेल तिथेच, साइडिंगवर तोडावा लागतो. तिथे पहिली नजर वर जाऊ द्या. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला. साइडिंगवर किंवा शेजारच्या रुळावर २५,००० व्होल्टची तार असेल तर क्रेनचा बूम, स्लिंग, लोखंडी शिडी, इतकंच काय माणसाच्या खांद्यावरचा पाइपसुद्धा त्या तारेपासून २ मीटरच्या आत जाता कामा नये. स्पर्श व्हायचीही गरज नसते. रेल्वेकडून लेखी पॉवर ब्लॉक (वीज बंद ठेवल्याची परवानगी) घेतल्याशिवाय आणि तारेला अर्थिंग लावलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बूम उचलू नका. ‘लाइन बंद आहे’ हे तोंडी सांगणं पुरेसं नाही.

मग खाली बघा. गोव्यातली जमीन जांभ्याची. चिरा दिसायला दगड, पण आतून स्पंजासारखा सच्छिद्र. त्यावर सांडलेलं तेल पृष्ठभागावर थांबत नाही. ते मुरतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या अंगाला असलेल्या विहिरीत किंवा खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) शेतीत उतरतं. विहिरीच्या पाण्यावर एकदा तेलाची साय धरली की ती कित्येक पावसाळे जात नाही. म्हणून लोकोच्या खाली आणि दोन्ही बाजूंना किमान तीन मीटरपर्यंत जाड प्लास्टिक अंथरा, त्यावर वाळूचा थर द्या आणि कडेने मातीचा बांध घाला. उताराच्या टोकाला तीन कप्प्यांची टाकी बांधा. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं. तिसऱ्यात पाणी दुसऱ्या कप्प्याच्या तळाशी बसवलेल्या वाकड्या पाइपमधून येतं, म्हणजे वरचं तेल मागेच राहतं. जिथे लोको उभा राहतो तिथेच कायमचं यार्ड असेल, तर सरळ काँक्रीट घाला. दरवर्षी वाळू-प्लास्टिक बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. आठ जणांची सरावलेली टोळी, एक हायड्रा (माल उचलून चालणारी छोटी क्रेन) आणि दोन-तीन दिवसांपुरती मोठी क्रेन मिळाली तर एक लोको तीन ते चार आठवड्यांत उठतो. मेच्या मध्यावर नवा लोको उघडायला घेऊ नका. अर्धा उघडलेला लोको मृगात सापडला, तर हुडाखाली साचलेलं तेल पहिल्याच सरीत बांधावरून वाहून जातं.

कागदपत्रांत गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि घातक कचऱ्याची परवानगी लागते, कारण जुनं तेल, ॲसबेस्टॉस आणि तेलकट गाळ हे तिन्ही त्या वर्गात मोडतात. कारखाने व बाष्पक निरीक्षणालय आणि पंचायतीची कागदपत्रंही आधीच करून घ्या. एलपीजीचा साठा १०० किलोंच्या आत ठेवला तर पेसोचा (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेचा) साठवणुकीचा परवाना लागत नाही. १९ किलोंचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो. रिकामे सिलिंडर त्याच दिवशी परत पाठवत गेलात तर एवढ्यात काम चालतं.

पहिले दिवस: बांधणं, उतरवणं, रिकामं करणं

सर्वांत आधी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी मारा, एकाला नव्हे, किमान चार चाकांना. हवा सोडली की ब्रेक सुटतात आणि पुढे ब्रेकच्या दांड्या कापल्या की हँडब्रेकही निकामी होतो. साइडिंगला थोडा जरी उतार असला, तरी शंभर टन हलायला तेवढा पुरतो. पाचरी बसल्यावरच हवेच्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडा. मेन रिझर्व्हॉयरमध्ये चालू लोकोत ८ ते १० किलोंचा दाब असतो. वर्षभर उभ्या राहिलेल्या लोकोत तो गेलेला असेल असं गृहीत धरू नका. कॉक उघडा ठेवून तारेने बांधून टाका.

मग बॅटऱ्या. आधी बॅटरीचा नाइफ स्विच उघडा. आठ बॅटऱ्या, प्रत्येकी चार सेल, मिळून ३२ सेल आणि ६४ व्होल्ट. पाना दोन टोकांवर एकदम पडला तर तो वितळेपर्यंत करंट वाहतो आणि सेलमधून निघालेला हायड्रोजन पेट घेतो. म्हणून पान्याच्या मुठीला इन्सुलेशन टेप गुंडाळा, अंगठी-घड्याळ काढून ठेवा, जवळपास गॅस पेटलेला नसावा. बॅटऱ्या उभ्याच उचला आणि उभ्याच ठेवा. सांडलेल्या ॲसिडवर धुण्याचा सोडा टाका, फेस येणं थांबलं की मग पुसा. बॅटरी २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवी. गल्लीत फोडून शिसं गाळणाऱ्याला ती दोन पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नका. त्या शिशाच्या धुरात त्याच गल्लीतली मुलं वाढत असतात.

पाणी सोडण्याआधी थोडं बाटलीत काढून पाहा. जुन्या काळी गंज थांबवायला क्रोमेट घालत, त्याने पाणी पिवळट दिसतं. नंतर बोरेट-नायट्राइटचं मिश्रण आलं. दोन्हींपैकी काहीही गटारात सोडायचं नाही. पिंपात भरा आणि मंडळाच्या परवानगीत सांगितलेल्या ठिकाणी द्या.

तेल गरम असताना लवकर उतरतं, पण आपल्यापुढे असतो थंड लोको. म्हणून दुपारच्या उन्हात, हुडाचे दरवाजे उघडे ठेवून सोडा आणि रात्रभर ठिबकू द्या. सकाळी आणखी वीस-तीस लिटर निघालेलं दिसेल. इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीबरोबर फिल्टरचे ड्रम, गव्हर्नर, कॉम्प्रेसर आणि पंख्याचा गिअरबॉक्स विसरू नका. या चार ठिकाणचं तेल जवळजवळ प्रत्येक यार्डात राहून जातं आणि नेमकं तेच कापताना पेटतं.

डिझेलची टाकी

यावर स्वतंत्र लिहिणं भाग आहे, कारण या कामातले सर्वांत वाईट अपघात ‘रिकाम्या’ टाकीचे असतात. भरलेली टाकी जळते. रिकामी टाकी फुटते. आपल्याकडच्या डिझेलला ३५ अंशांपासून पुढे पेट घेण्याइतकी वाफ धरण्याची मुभा मानकातच आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात तापलेलं टाकीचं पोलाद हात लावू देत नाही, ते ३५ च्या कितीतरी वर असतं. म्हणजे दुपारच्या वेळी अशी टाकी आपोआप बाँब बनलेली असते.

टाकीच्या आत आडवे पडदे असतात, डिझेल डचमळू नये म्हणून. पडद्यांच्या तळाची भोकं गाळाने बुजतात. त्यामुळे एका प्लगमधून डिझेल यायचं थांबलं तरी पलीकडच्या कप्प्यात शंभर लिटर साचलेलं असू शकतं. दोन्ही बाजूंचे प्लग उघडा, तपासणीची झाकणं काढा, टॉर्च लावून प्रत्येक कप्पा बघा. टॉर्च ज्वालारोधक असावी, मोबाइलचा दिवा नको. गाळ लाकडी किंवा पितळेच्या खोऱ्याने काढा. लोखंडी खोरं ठिणगी पाडतं.

त्यानंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवा आणि टाकीचा पत्रा बाहेरून चांगला तापेपर्यंत वाफ सोडा. वाफेने गंजाच्या खपल्यांत अडकलेलं डिझेल बाहेर येतं. थंड झाल्यावर गॅस मीटरने प्रत्येक कप्प्यात वर, मधे आणि तळाशी असं तीनदा मोजा. डिझेलची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून तळाचं मोजमाप सर्वांत महत्त्वाचं. सगळीकडे शून्य आल्यावरच कापा. शून्याच्या जवळपास नव्हे, शून्यच. मीटर नसेल तर ते काम त्या दिवशी नाही. भाड्याने मिळतं.

कापताना टाकीत पाणी भरा, कापायच्या रेषेच्या जरा खालपर्यंत. वरची झाकणं उघडी राहू द्या. पहिलं भोक गॅसने न पाडता छिन्नीने किंवा ड्रिलने पाडा. वरची पट्टी निघाली की पाण्याची पातळी खाली आणत एकेक पट्टी कापा. तळाचा पत्रा शेवटी, टाकी उलटी करून आणि पुन्हा खरवडून. रोज सकाळी आणि जेवणानंतर मीटर पुन्हा लावा. उरलेला गाळ तापला की पुन्हा वाफ सोडतो, सकाळी शून्य असलेली टाकी दुपारी शून्य राहीलच असं नाही.

तांबं आधी, लोखंड नंतर

केबल गॅसने कापू नका. तांब्यावर जळलेलं रबर चिकटतं आणि माल एका प्रतीने खाली जातो. हायड्रॉलिक कटरने मीटरभर लांबीचे तुकडे करा, साल काढायच्या मशीनवर सोला. केबल जाळून तांबं काढणं बेकायदा आहे. शिवाय जळालेलं तांबं काळं पडतं, वजनात घटतं आणि व्यापारी तेवढा भाव कापून घेतोच. तोट्याचा धंदा आहे हा, तरी लोक करतात, कारण साल काढायला वेळ लागतो.

कंट्रोल पॅनेलमधल्या कॉन्टॅक्टरचे (मोठ्या स्विचचे) ठिणगी विझवणारे आर्क शूट आणि एक्झॉस्टवर गुंडाळलेली दोरी व कापड जुन्या लोकोत ॲसबेस्टॉसचं असतं. पांढुरकं, तंतुमय, चुरगळलं की धूळ. कोरडं ओढून काढू नका. साबणाच्या पाण्याची फवारणी करा, ओलं झाल्यावर अखंड तुकड्यात काढा, दुहेरी जाड पिशवीत बांधा, वर ‘ॲसबेस्टॉस’ लिहा. हा माल पिसुर्लेच्या घातक कचरा केंद्राकडे जातो, भंगाराच्या ढिगात नव्हे. काढणाऱ्याला पी३ वर्गाचा मास्क हवा, रुमाल चालत नाही.

कापताना निघणारा धूरही तसाच. जुन्या लोकोवर रंगाचे अनेक थर असतात आणि खालच्या थरांत शिसं असतं. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दहा सेंटिमीटर रंग नीडल गनने (सुयांनी ठोकून रंग उडवणाऱ्या हत्याराने) काढून टाका. दूध प्यायलं, गूळ खाल्ला की धूर उतरतो ही समजूत सर्वत्र आहे. खरं तर त्याने शिसं बाहेर पडत नाही, जस्ताच्या धुराने येणारा तापही थांबत नाही. मास्क, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहणं आणि जेवणाआधी साबणाने हात-तोंड धुणं, उपयोग याचाच. टोळीतल्या माणसांच्या रक्तातलं शिसं वर्षातून एकदा तपासून घ्यायला हवं. खर्च ठेकेदाराचा.

रेडिएटरचे गाभे बोल्ट सोडून पूर्ण काढा. त्यात शिशाचं डाक असतं, ज्वाला लावली की शिसं वितळून तांब्यात मिसळतं. नाकाकडच्या छोट्या हुडात डायनॅमिक ब्रेकच्या ग्रिड असतात. त्यांच्या पट्ट्यांना चुंबक लावा. चिकटला नाही तर निकेल-क्रोमची शक्यता आहे, वेगळ्या ठेवा आणि तपासून घ्या. टर्बोची चाती आणि नोझल रिंगही उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूची असते. ब्लोअरकडचं ॲल्युमिनियम वेगळं.

पॉवर पॅक उचलणं

हुड बोल्टने बसवलेला असतो, पण खाऱ्या हवेत बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. पाना घालून वेळ घालवू नका, डोकी कापा. हुडाचा पत्रा पातळ, जागा खूप खातो, भाव कमी. लवकर बाजूला करा.

इंजिन आणि जनरेटर मिळून वीस टनांच्या वर. बारा-चौदा टनांच्या हायड्राने ते उचलायचा विचारही नको. हायड्रावर लिहिलेली क्षमता बूम अगदी जवळ असतानाची असते. बूम पुढे गेला की ती झपाट्याने घटते आणि मागची चाकं उचलली जातात. क्रेन भाड्याने घेताना मालकाकडून लोड चार्ट मागा आणि त्यात आपल्या अंतरावरचा आकडा बघा.

स्लिंगचा कोन हे दुसरं दुखणं. दोन पायांच्या स्लिंगमध्ये पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर वजनाच्या साधारण ५८ टक्के ताण येतो. तोच कोन १२० झाला तर प्रत्येक पायावर पूर्ण वजन येतं. छताची उंची कमी म्हणून स्लिंग आखूड घेतली की हेच होतं. समुद्राजवळच्या यार्डात तारेची स्लिंग बाहेरून ग्रीसची दिसते आणि आतून गंजते. वाकवून बघा, लाल धूळ पडली की बाद.

जनरेटर वेगळा काढणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्याच्या आर्मेचरला एकाच टोकाला बेअरिंग आहे, दुसरं टोक इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर टेकलेलं असतं. सोडवल्याबरोबर आर्मेचर खाली बसतं आणि वजनाचा मध्य सरकतो. आधी आत लाकडी पॅकिंग घाला. बोल्ट काढतानाच क्रेनचा ताण हलका घेऊन ठेवा, मग सैल करा.

इंजिन स्लीपरच्या चौथऱ्यावर ठेवा. ज्वाला लावण्याआधी क्रँककेसची सगळी झाकणं काढा, एकही बंद नको. आत तेलाचं धुकं असतं. सिलिंडर हेड आणि लायनर बिडाचे. बिडावर गॅस चालत नाही: त्यातल्या ग्राफाइट आणि सिलिकॉनमुळे जो थर तयार होतो तो बिडाच्या आधी वितळत नाही, आणि ऑक्सिजन वाया जातो. हे भाग बोल्ट सोडून काढा आणि घणाने किंवा वरून वजन सोडून फोडा. फोडताना तुकडे उडतात, भोवती जुन्या कन्व्हेयर पट्ट्यांचा पडदा लावा. ब्लॉक मात्र वेल्डिंग केलेल्या पोलादाचा आहे, तो सरळ कापतो. पिस्टन दोन प्रकारचे मिळतात, ॲल्युमिनियमचे आणि पोलादी डोक्याचे. चुंबकाने वेगळे करा. बेअरिंगच्या वाट्या एका बादलीत गोळा करत जा. त्यांचा वेगळा भाव येतो.

गॅसची शिस्त

इंजिन तोडताना सगळ्यांचे हात तेलकट असतात आणि नेमका हाच धोका. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लागलं तर ते ठिणगीशिवायही पेटू शकतं. सिलिंडर हाताळणारा माणूस वेगळा ठेवा, त्याने लोकोला हात लावायचा नाही. दिवसभर त्याचं काम सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या आणि आगीवर लक्ष. ही मजुरी वाया जात नाही.

निळी नळी ऑक्सिजनची, लाल गॅसची. फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाला उलटी नळीत शिरू न देणारा व्हॉल्व्ह) कापायच्या टॉर्चजवळ आणि रेग्युलेटरजवळ, दोन्ही ठिकाणी. सिलिंडर ज्वालेपासून पाच मीटर दूर, उभे, साखळीने बांधलेले आणि सावलीत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तपासणी खड्ड्यात साचतो. खड्डा असलेल्या रुळावर सिलिंडर ठेवू नका. एलपीजीसाठी नोझलही एलपीजीचंच हवं, ॲसिटिलिनचं लावलं तर ज्वाला नोझलवर टिकत नाही. २५ मिलिमीटरच्या पत्र्याला १/१६ इंची नोझल आणि सुमारे तीन किलो ऑक्सिजनचा दाब पुरतो. दाब वाढवून वेग वाढत नाही, फक्त चीर रुंद होते आणि लोखंड ठिणग्या होऊन उडतं. ऑक्सिजनने कपडे झटकायची सवय कोणाला असेल तर त्याच दिवशी मोडा. ऑक्सिजन मुरलेलं कापड एका ठिणगीने भडकतं.

कामाची वेळ संपण्याच्या एक तास आधी गॅस बंद. तो तास पाणी मारायचा आणि पहारा द्यायचा. अंडरफ्रेमच्या पोकळ्यांत तेल आणि धुळीचा चिखल वर्षानुवर्षं साचलेला असतो. तो ज्वालेशिवाय धुमसत राहतो आणि आग दिसते रात्री, यार्डात कोणी नसताना.

अंडरफ्रेम आणि बोगी

अंडरफ्रेम कापताना कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना स्लीपरचे टेकू आधी लावा. टेकू एकाच बाजूला असेल तर चीर मिटते, कापायचा टॉर्च अडकतो आणि तुकडा अचानक तुटून पडतो. कटरने कधीही पडणाऱ्या बाजूला किंवा तुकड्याखाली उभं राहू नये. मागे पाय ठेवायला मोकळी वाट हवी, तिथे नळ्यांचा गुंता नको.

कपलरमागचा ड्राफ्ट गिअर (धक्के शोषणारा भाग) दाबून बसवलेला असतो. त्याचं घर ज्वालेने उघडलं तर आतले भाग गोळीसारखे सुटतात. तो पूर्ण डबा अखंड काढा आणि तसाच विका. बोगीच्या स्प्रिंगांवरचं वजन पूर्ण उतरेपर्यंत त्यांना ज्वाला लावू नका. शिवाय कोणतीही बंद पोकळी, मग ती हवेची टाकी असो, शॉक ॲब्सॉर्बर असो की दोन्ही टोकं बंद असलेला पाइप, आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय तापवायची नाही. ॲक्सल बॉक्सचं झाकण उघडून ग्रीस काढा. बंद बेअरिंग तापवलं तर ते फुटतं.

मोटारी चाकांच्या धुऱ्यांवर टांगलेल्या असतात. प्रत्येक मोटार तीन टनांच्या आसपास. मोटारीच्या नाकाखाली टेकू द्या, मग सस्पेन्शन बेअरिंगच्या टोप्या सोडा. जुन्या मोटारींत या बेअरिंगच्या वाट्या काशाच्या आणि आतून व्हाइट मेटलच्या, म्हणजे बोगीतला सर्वांत मोलाचा छोटा माल. रोलर बेअरिंग असेल तर तो मिळणार नाही. गिअर केसमधलं काळं घट्ट कंपाउंड आधी खरवडून पिंपात भरा. ते पेटलं तर धूर गावभर जातो आणि पंचायतीची तक्रार दुपारच्या आत येते, रास्तच. मोटारी शक्यतो अखंड विका. रिवाइंडिंगवाले आर्मेचरसाठी भंगारापेक्षा जास्त देतात. धुरेही अखंड ठेवा, फोर्जिंगवाले विचारतात.

ढीग आणि ट्रक

भट्टीला जाणारं जाड पोलाद दीड मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद या मापाच्या आत कापा. याहून मोठा तुकडा भट्टीत जात नाही आणि फाटकावर पुन्हा कापणीचे पैसे लागतात. कुंकळ्ळीच्या भट्ट्या जवळच्या आहेत. बीड बेळगाव-कोल्हापूरच्या फाउंड्रींना पाठवणं सोयीचं. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून वाट बंद होते, म्हणून बिडाचे ट्रक मेअखेर निघायला हवेत.

भट्टी दोन गोष्टींवरून पूर्ण ट्रक परत पाठवते. बंद टाकी किंवा पाण्याने भरलेला पाइप एक, कारण तो वितळलेल्या धातूत पडला की स्फोट होतो. हवेची टाकी लांबीच्या दिशेने उभी चिरून उघडी केलेली असावी. दुसरी गोष्ट म्हणजे लोखंडात राहिलेलं तांबं. पोलादात तांबं वाढलं की गरम असताना त्याला भेगा पडतात आणि तांबं एकदा मिसळलं की वितळवून वेगळं काढता येत नाही. स्टार्टर केबलचा एक राहिलेला तुकडा तपासणाऱ्याच्या डोळ्याला लगेच दिसतो.

प्रत्येक ढिगाचं वजन यार्डातल्या काट्यावर करा आणि त्याच दिवशी बाहेरच्या काट्याशी ताडून पाहा. चिरेत जळालेलं लोखंड, गंज आणि माती यामुळे थोडी घट येणारच. ती दर लोकोला लिहून ठेवा, पुढच्या बोलीला हाच आकडा कामाला येतो.

शेवटच्या ट्रकनंतर जागा आवरायला दोन दिवस ठेवा. चुंबकाचा दांडा फिरवून बोल्ट-खिळे उचला, वाळू आणि प्लास्टिक घातक कचऱ्याच्या पिंपात भरा. जिथे प्लास्टिक फाटलं होतं तिथली माती काळेपणा संपेपर्यंत खरवडून काढा. तीन कप्प्यांची टाकी उपसा, दुसऱ्या कप्प्यातलं तेल पिंपात जाऊ द्या. मग उताराच्या खालच्या बाजूच्या सर्वांत जवळच्या विहिरीतून बादलीभर पाणी काढा, उन्हात ठेवा आणि पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखी साय येते का ते बघा. हेच पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा करा.